कान्हेरे यांच्या हातातील ब्राउनिंग

अंबड (नाशिक), प्रतिनिधी : येथील औद्योगिक वसाहतीत यंत्राचा सुटा भाग हाती आला की जाणता कामगार प्रथम त्यावर ठोकलेला क्रमांक शोधतो. जुन्या शस्त्राचेही तसेच आहे. जाणकार त्याचा गंज तेलाने आणि मऊ ब्रशाने सोडवतात. कानस किंवा पॉलिश पेपर लावला तर गंजाबरोबर कारखान्याची खूण आणि क्रमांकही घासला जातो, आणि मग ते शस्त्र कोठले, कोणत्या खेपेतले, हे सांगणे अवघड होऊन बसते. नाशिकच्या इतिहासात एका लहानशा पिस्तुलाच्या अशाच ओळखीला फार मोठे मोल चुकवावे लागले. ते पिस्तूल होते अनंत लक्ष्मण कान्हेरे यांच्या हातात.

कान्हेरे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यातले. शिक्षणासाठी ते औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) राहिले आणि तेथेच क्रांतिकारकांच्या वर्तुळात ओढले गेले. जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकर यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांच्यावर खटला भरण्यात पुढाकार होता नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा. जॅक्सन संस्कृतचे व्यासंगी होते आणि गावात त्यांना मानणारेही बरेच होते, ही गोष्ट अनेकदा सांगायची राहून जाते. अभिनव भारताच्या नाशिकच्या तरुणांना मात्र त्यांच्यात केवळ परकी सत्ता दिसत होती.

जॅक्सन यांची मुंबईला बदली झाली. त्यांना निरोप देण्यासाठी २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'चा प्रयोग ठेवण्यात आला होता. जॅक्सन आत येताच जेमतेम अठरा वर्षांच्या कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे दोघे मदतीच्या तयारीत होते. कान्हेरे जागीच पकडले गेले. जॅक्सन यांचा मृत्यू झाला.

त्या काळच्या नाशिककरांना या शस्त्राचे नावही नवे असणार. अमेरिकी संशोधक जॉन ब्राउनिंग यांची ही रचना बेल्जियममधील हर्स्टाल येथील कारखान्यात तयार होत असे. पिस्तूल खिशात मावणारे, काडतुसे मुठीतील मॅगझिनमध्ये. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप नळीत येई. पुढे १९१४ मध्ये साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेले पिस्तूलही याच कारखान्याचे होते. ते कोणत्या नमुन्याचे याविषयी बरीच वर्षे चुकीची माहिती छापली जात होती. अखेर १९०७४ या क्रमांकाने ते १९१० च्या नमुन्याचे ठरले.

नाशिकच्या पिस्तुलाचा माग लंडनपर्यंत गेला. इंडिया हाऊसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला. विनायक दामोदर सावरकर यांनी आपल्याकडे वीस ब्राउनिंग पिस्तुले दिली आणि ती पेटीच्या चोरकप्प्यातून आपण १९०९ मध्ये मुंबईत आणली, अशी साक्ष त्याने दिली. जॅक्सन यांच्यावर चाललेले पिस्तूल त्या विसांपैकीच एक, हा सरकार पक्षाचा दावा न्यायालयाने मान्य केला. गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा सावरकर हजारो मैल दूर होते. पण शस्त्राची ओळख पटली आणि ते अंतर उरले नाही.

कान्हेरे यांच्या खटल्यात एवढ्या खोलात जाण्याचे कारणच नव्हते. ते पिस्तुलासह सापडले होते. मार्च १९१० मध्ये निकाल लागला आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी देण्यात आली. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाला आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे.

जॅक्सन यांच्या हत्येस साहाय्य केल्याबद्दल सावरकरांना दुसरी जन्मठेप सुनावली गेली, ती ३० जानेवारी १९११ रोजी. तोवर कान्हेरे यांना फाशी होऊन नऊ महिने उलटले होते.