विश्लेषण : पडद्यावरचे चित्र विरते कसे? दादासाहेब फाळके यांनी ही किमया कशी साधली?

मोबाइलवर व्हिडीओ एडिट करताना ‘ओपॅसिटी’ची पट्टी सरकवली की चित्र पुसट होते. आवडले नाही तर मागे घेता येते. शंभर वर्षांपूर्वी दादासाहेब फाळके हाच परिणाम हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात साधत होते, आणि तिथे मागे घेण्याची सोय नव्हती.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टनंतर ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्र्यात फोटो स्टुडिओ, लोणावळ्यात छपाईचा व्यवसाय, मधूनमधून जादूचे प्रयोग. संसाराची घडी बसेना. पण सिनेमाला लागणारी कौशल्ये मात्र अशीच सुटी सुटी जमत गेली.

१९११ मध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. मग ध्यास असा, की काही काळ दृष्टीच गेली. बरे होताच विमा पॉलिसी तारण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही केले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

तंत्र नेमके काय?

त्या काळी ही करामत कॅमेऱ्यातच करावी लागे. पहिल्या दृश्याच्या शेवटी हँडल फिरवत लेन्सचे छिद्र हळूहळू बंद करायचे. मग लेन्स झाकून तेवढेच फेरे मोजत फिल्म उलटी न्यायची आणि त्याच पट्टीवर दुसरे दृश्य, छिद्र हळूहळू उघडत, टिपायचे. एकाचा प्रकाश घटतो तसा दुसऱ्याचा वाढतो, त्यामुळे पडद्यावर एक चित्र दुसऱ्यात मिसळते. फेरे मोजण्यात चूक झाली की दोन्ही दृश्ये वाया. चूक कळायची तीही फिल्म धुतल्यावर. कर्जाच्या पैशातून आणलेल्या फिल्मवर हा खेळ चालला होता, हे विसरता कामा नये.

‘कालिया मर्दन’ (१९१९) च्या सुरुवातीला त्यांची मुलगी मंदाकिनी साध्या वेशात दिसते, आणि पाहता पाहता तिच्या जागी कृष्ण उभा राहतो.

बोलपटांच्या लाटेत फाळके मागे पडले. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. चार रिळांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची आज पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे उरली आहेत.