भग्न हृदयास आरोग्य: पंडिता रमाबाई

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील आमच्या मंडळ्यांस केडगांव परकें नाहीं. तें याच पुणें जिल्ह्यांत आहे. तेथें मुक्तिसदन स्थापणाऱ्या पंडिता रमाबाई १८५८ सालीं जन्मल्या. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांतील दुष्काळानें त्यांचे आईबाप नेले, १८८० त भाऊ गेला, आणि १८८२ त पतीहि पटकीनें वारले. पदरीं तान्ही मनोरमा उरली.

१८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तथापि मनाची जखम तेवढ्यानें भरली नाहीं. धर्म स्वीकारला, परंतु ख्रिस्ताची भेट व्हावयाची होती, असें त्यांनींच पुढें लिहून ठेविलें. ती शांति सुमारें ८ वर्षांनीं लाभली. नव्या बंधुभगिनींविषयीं उतावीळ होणाऱ्या उपदेशकांनीं हीं वर्षें अवश्य मोजावीं.

१८९६ त मध्यप्रांतीं दुष्काळ पडला. उपासमार म्हणजे काय हें बाईंस कोणीं सांगावयास नको होतें. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि निराधार विधवा व मुली घेऊन आल्या. केडगांवीं त्या शेंकडों मुली अन्नास, अक्षरास व हातच्या कामास लागल्या.

१९२१ त मनोरमाहि निवर्तली. बाईंनीं हातीं घेतलेलें मराठी बायबलाचें भाषांतर सोडिलें नाहीं. तें पुरें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूमध्यें निद्रिस्त झाल्या.