वॉर्ड नसलेल्या इस्पितळाचे डॉक्टर कोटणीस

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव मराठी माणसाला बहुधा चित्रपटामुळे ठाऊक असते. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला, डॉक्टरांची भूमिका स्वतः केली आणि चीनसाठी प्राण वेचणाऱ्या तरुणाची प्रतिमा घरोघर पोहोचली. त्या प्रतिमेच्या झळाळीत एक गोष्ट मात्र मागे पडली. मुंबईत वैद्यक शिकून गेलेल्या या डॉक्टरांना परदेशात रुग्णसेवेचे काम जवळजवळ नव्याने शिकावे लागले होते.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेल्या कोटणिसांचे वडील शांताराम हे गिरणीत नोकरीला होते. घर मध्यमवर्गीय, भावंडे बरीच. द्वारकानाथांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि पुढील शिक्षणाची तयारी चालवली होती. या महाविद्यालयाला जोडलेले केईएम रुग्णालय म्हणजे तेव्हाच्या आधुनिक वैद्यकाचा नमुना. रांगेने मांडलेल्या खाटा, पाळीपाळीने शुश्रूषा करणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका, निर्जंतुक केलेली हत्यारे. रुग्णाने डॉक्टरकडे यायचे, डॉक्टरने वॉर्डात फेरी मारायची, ही तेथील रीत.

जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केल्यावर आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी निधी उभारला आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस. अटल यांनी स्पेनच्या यादवीत जखमींवर उपचार केलेले होते. कोटणिसांना मात्र युद्धाचा अनुभव नव्हता. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून बोटीने निघाले. मुदत साधारण वर्षभराची होती.

कँटन, हँकाऊ असे मुक्काम करीत पथक चुंगकिंगला आले. तेथे असतानाच कोटणिसांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. घरी आई आणि भावंडे, कर्ता पुरुष गेलेला. परत फिरण्यासाठी याहून सबळ कारण कोणते असते? सहकाऱ्यांनीही त्यांना तसेच सुचवले. परंतु घेतलेले काम टाकून जाणे त्यांना मानवले नाही. या निर्णयाची किंमत सोलापूरच्या घराने मोजली, हेही सांगितले पाहिजे.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक यानानला पोहोचले. जपानी बॉम्बहल्ल्यांमुळे या गावाचा सारा कारभार पिवळ्या मातीच्या टेकड्यांत कोरलेल्या गुहांमध्ये हलला होता, आणि रुग्णालयही तेथेच होते. गुहा हाच वॉर्ड. लोखंडी खाटेऐवजी मातीविटांचा ओटा, ज्याच्या पोटातून चुलीची ऊब खेळवलेली असे. वेढ्यामुळे औषधे, भुलीची द्रव्ये, जंतुनाशके यांची सतत चणचण. बँडेजचे कापड धुऊन, उकळून पुन्हा वापरायचे. खाण्यास राळ्याचा भात. परदेशी डॉक्टरांना देऊ केलेल्या खास सवलती कोटणिसांनी नाकारल्या.

खरा बदल मात्र यापुढचा होता. उत्तर चीनमधील आघाडीवर कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी एक वेगळी पद्धत घालून दिली होती. गोळी लागलेल्या माणसाला डोंगरवाटांनी दिवसेंदिवस उचलून आणले तर वाटेतच जखम सडते. पेनिसिलिन हाती येण्यापूर्वीचा तो काळ; पहिल्या काही तासांत जखम साफ झाली तरच आशा. म्हणून जखमीने डॉक्टरकडे येण्याऐवजी डॉक्टरनेच आघाडीकडे जायचे, शस्त्रक्रियेचे सामान खेचरांच्या पाठीवर लादून. याच धावपळीत शस्त्रक्रिया करताना बोट कापले, विष अंगात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथ्यून गेले. पुढल्या वर्षी कोटणीस जपानी ठाण्यांमधून वाट काढीत त्याच मुलखात पोहोचले. त्या वर्षाच्या लढायांत एकदा त्यांच्या तुकडीकडे १३ दिवसांत ८०० हून अधिक जखमी आले आणि त्यांपैकी ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या, असे चिनी नोंदी सांगतात.

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. पद मोठे, पण रुग्णालयाला स्वतःची अशी इमारतच नव्हती! रुग्ण खेड्याखेड्यांतील शेतकऱ्यांच्या घरी विखुरलेले असत. जपानी फौजांची मोहीम सुरू झाली की सारे रुग्णालय पाठीवर घेऊन डोंगरात शिरायचे. खाऊपिऊ घालणे, अंग पुसणे, रात्री उशाशी बसणे ही कामे त्या घरातल्या बायामाणसांच्या वाट्याला येत. रुग्णाच्या नातलगांना वॉर्डाबाहेर थांबवणाऱ्या शिस्तीत वाढलेल्या डॉक्टरांना येथे परक्या घरालाच शुश्रूषेत सामील करून घ्यावे लागले. पट्टी बांधणारी मुले-मुलीही खेड्यातलीच, थोड्या महिन्यांत तयार केलेली. त्यांना शिकवायचे तर दुभाष्यावर भागणार नव्हते. कोटणिसांनी चिनी बोलणे आत्मसात केलेच, शिवाय लिपीही शिकली, बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत चिनीतून व्याख्याने दिली आणि शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. एव्हाना ते तेथे ‘के दिहुआ’ झाले होते. पथकातील डॉक्टरांनी आपापल्या चिनी नावांना चीन या अर्थाचे ‘हुआ’ हे अक्षर जोडून घेतले होते.

याच शाळेत शुश्रूषाशास्त्र शिकवणाऱ्या क्वो चिंगलान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. त्या पेकिंगच्या रुग्णालयात काम केलेल्या प्रशिक्षित परिचारिका. म्हणजे मोठ्या इस्पितळाची शिस्त मागे ठेवून खेड्यातल्या ओट्यावर रुग्ण सांभाळण्याचा प्रवास त्यांनीही केलेला होता. चित्रपटाने त्यांना मुख्यतः नायिका म्हणून पाहिले. रुग्णालयाला त्यांची गरज शिक्षिका म्हणून होती. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.

तोवर डॉक्टरांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी अन्यत्र जाण्याचा आग्रह झाला, पण ते हलले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे हपै प्रांतातील तांग परगण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे ३२. पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग पुरा झाला होता, दुसरा टेबलावर अर्धाच राहिला.

मुलगा यिनहुआ वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये वारला. क्वो चिंगलान यांनी भारताच्या अनेक फेऱ्या केल्या, सासरची नाती जपली आणि २०१२ साली जगाचा निरोप घेतला. सोलापुरातील कोटणिसांच्या घराचे त्याच वर्षी स्मारकात रूपांतर झाले. पथकातील उरलेले चौघे त्याआधीच मायदेशी परतले होते. सर्वांत शेवटी, १९४३ मध्ये, डॉ. बसू. हेच बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तेथील सुईने उपचार करण्याची विद्या शिकले आणि कोलकात्यात रुग्णांवर अॅक्युपंक्चर करू लागले.