बंदिवासांत वाढलेले शाहू छत्रपति

ओझरसारख्या गांवीं एखाद्याचा बाप तुरुंगांत गेला म्हणजे लोक त्याच्या मुलाकडेहि बोट दाखवितात. शाळेंत त्याच्या शेजारीं बसण्यास कोणी राजी नसतें. आणि, हें लिहितांना लाज वाटते, उपासनामंदिरांतहि त्यास जागा करून देणारे थोडेच असतात. अशा मुलाविषयीं मंडळीशीं बोलतांना आमच्या उपदेशक बंधूंस शाहू छत्रपतींच्या बाळपणाची हकीकत उपयोगीं पडेल. ते साताऱ्याचे राजे होते हें सर्वांस ठाऊक आहे. पण ते कैदेंत वाढले हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें.

शाहूंचा जन्म १६८२ सालचा. १६८९ च्या मार्चांत औरंगजेब बादशहानें त्यांचे वडील संभाजी महाराज यांस ठार मारविलें, तेव्हां मूल पुरतें सात वर्षांचेंहि नव्हतें. लागलीच रायगडास मोंगलांचा वेढा पडला. त्या प्रसंगीं मातोश्री येसूबाई यांनीं जो निश्चय केला, त्यास आमच्या मतें त्या काळच्या इतिहासांत तोड नाहीं. राजघराण्यांतील सर्वच माणसें एके ठिकाणीं सांपडलीं तर राज्य बुडेल, हें जाणून त्यांनीं आपल्या मुलाचा हक्क बाजूस ठेविला आणि दीर राजाराम यांस गडाबाहेर निघून जाण्यास सांगितलें. आपण मात्र मुलासह गडावर राहिल्या. नोव्हेंबरांत गड पडला, आणि मायलेंकरें बादशहाच्या छावणींत कैदी झालीं.

हा तुरुंग चार भिंतींचा नव्हता. छावणी आज भीमेच्या कांठीं, तर उद्यां एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याशीं. तिच्याबरोबर कैदीहि फिरत. बादशहानें शाहूंस मनसब दिली, आणि त्याची कन्या झीनतउन्निसा हिनें त्यांच्यावर माया केली. म्हणजे ज्यानें बापास मारविलें त्याच्याच आश्रयास मुलास अन्न, वस्त्र व ममता मिळाली! अशा मुलाच्या मनांतील गुंता बाहेरच्यांस सहसा उमगत नाहीं, म्हणून त्याच्याविषयीं उतावीळपणें निवाडा करूं नये. येसूबाईंस मात्र ओढाताण चुकली नाहीं. चिंचवडच्या देवांस पाठविलेल्या पत्रांत त्यांनीं आपल्या कर्जाचें गाऱ्हाणें मांडिलें आहे.

१७०७ सालीं औरंगजेब अहमदनगरास वारला. त्याचा मुलगा आजमशहा उत्तरेकडे जात असतां मे महिन्यांत त्यानें शाहूंस मोकळें केलें, पण येसूबाईंस ओलीस म्हणून ठेवून घेतलें. पंचवीस वर्षांचा मुलगा दक्षिणेस वळला आणि आई दिल्लीच्या वाटेस लागली.

ओझरवरून जाणारा आग्रा रस्ता पुढें ज्या खानदेशांत उतरतो, त्याच प्रांतांतून शाहू स्वदेशीं आले. वाटेंत पारद गांवच्या पाटलानें त्यांस अडविलें, आणि लढाईंत तो पडला. तेव्हां त्याच्या विधवेनें आपलें तान्हें मूल आणून शाहूंच्या पायांवर घातलें. त्या बाळाचा बाप शाहूंच्याच लोकांच्या हातून मेला होता. शाहूंनीं त्यास उचलून घेतलें, फत्तेसिंग हें नांव दिलें आणि पुत्राप्रमाणें वाढविलें. अक्कलकोटचें भोसले घराणें तें त्याचेंच.

चुलती ताराबाई यांनीं शाहूंस तोतया ठरविलें. तो तंटा खेडच्या लढाईंत शाहूंच्या बाजूनें लागला. १७०८ च्या जानेवारींत साताऱ्यास राज्याभिषेक झाला. परंतु राजाची आई अजून परक्यांच्या हातीं होती, आणि दिल्लीशीं कसलेंहि बोलणें करावयाचें तर ही गोष्ट विसरून चालत नव्हतें. अशीं अकरा वर्षें गेलीं. अखेरीस पेशवे बाळाजी विश्वनाथ सय्यद हुसेनअली याजबरोबर फौज घेऊन दिल्लीस गेले. त्यांनीं चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. इतिहासकार त्यांविषयींच अधिक लिहितात. पण त्याच फौजेबरोबर १७१९ च्या जुलैंत येसूबाई साताऱ्यास पोंचल्या. मुलाच्या सातव्या वर्षीं सुरू झालेली आईची कैद तो सदतीस वर्षांचा झाल्यावर सरली.