आरोग्याचे खाते आणि चांद्याचा माणूस : कर्मवीर कै. मारोतराव कन्नमवार

जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत संतांचे किंवा देवस्थान उभारणाऱ्या पुण्यपुरुषांचे चरित्र छापण्याची आपल्याकडे रीत आहे. येथे मात्र एका राजकारणी पुरुषाचे चरित्र देत आहोत, तेव्हा त्याचे कारण आधी सांगितले पाहिजे. आपल्या भागातील देवळांचे ओटे आणि सभामंडप भजन-कीर्तनापुरते कधीच नव्हते. देवीची लस टोचणारा गावात आला की तो देवळाच्या ओट्यावर बसे. हिवतापाच्या फवारणीची माणसे आपले पंप तेथेच टेकवीत. दौऱ्यावरचा डॉक्टर आला तर लेकुरवाळ्या बायांची रांग तेथेच लागे. सरकारचे औषध खेड्याच्या वेशीच्या आत येऊ लागले, त्या काळाच्या इतिहासात आपल्या झाडीपट्टीतले एक नाव आहे. ते म्हणजे कै. मारोतराव सांबशिव उर्फ दादासाहेब कन्नमवार.

महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री म्हणून त्यांचे नाव शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. मुंबईला विक्रोळीत त्यांच्या नावाची मोठी वसाहत आहे, हे तिकडे नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांना ठाऊक असते. पण मुख्यमंत्री होण्याच्या दहा वर्षे आधी ते आपले आरोग्यमंत्री होते, आणि तेव्हा गोंदिया-भंडाऱ्याचा सारा मुलूख त्यांच्या खात्याखाली होता, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले आहे. आमच्या मते त्यांच्या आयुष्याचा हा भाग मुख्यमंत्रिपदाच्या वर्षापेक्षा खेड्यातल्या माणसाला अधिक जवळचा आहे.

दादासाहेबांचा जन्म चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा. १० जानेवारी ही त्यांची जयंती. घराणे मूळचे तेलगू बोलणाऱ्यांपैकी, आणि घरची स्थिती अत्यंत हलाखीची. पोटासाठी त्यांनी चांद्याच्या रस्त्यावर वृत्तपत्रे विकली. शिक्षण पुरे झाले नाही, इंग्रजीही फारसे आले नाही. पुढे मुंबईच्या शहाण्यासुरत्या वर्तुळात यावरून त्यांची पुष्कळ टिंगल झाली. त्यांनी ती मनाला लावून घेतली नाही, असे त्यांना पाहिलेली माणसे सांगत. स्वातंत्र्याच्या चळवळीत ते तरुणपणीच ओढले गेले, तुरुंगवास भोगला, आणि खेडोपाडी पायी व बैलगाडीने हिंडून काँग्रेसचे काम केले. नागपूर प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद पुढे बरीच वर्षे त्यांच्याकडे होते. ‘कर्मवीर’ ही उपाधी लोकांनी दिली ती या पायपिटीतून.

मुर्रीच्या वाचकाला चांदा दूरचे वाटेल. पण गोंदियाहून वडसा, नागभीड, सिंदेवाही, मूल करीत चांदा फोर्टला जाणारा रेल्वेमार्ग आठवा. त्या काळी ती नॅरोगेजची छोटी गाडी होती. डब्यातून उतरून, चालत जाऊन पुन्हा चढता येते अशी तिची थट्टा होई. त्याच मार्गावरचा मूल आणि शेजारचा सावली हा दादासाहेबांचा कार्यप्रदेश. धानाची शेती, बोड्या आणि तलाव, पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा, आणि घरोघर हिवताप. त्यांच्या मतदारांचे जगणे आणि आपल्या आजोबांचे जगणे यांत काही फरक नव्हता.

१९५२ साली पहिल्या सार्वत्रिक निवडणुका झाल्या. तेव्हा विदर्भाचे आठही जिल्हे जुन्या मध्य प्रदेश राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. पं. रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात दादासाहेबांकडे सार्वजनिक आरोग्याचे खाते आले. बस्तरपासून बुलढाण्यापर्यंत पसरलेल्या राज्याचे आरोग्य एका बिनडॉक्टर आणि अपुऱ्या शिकलेल्या माणसाच्या हाती द्यावे, याचे काहींना नवल वाटले असल्यास नवल नाही. पण जगात याला जोड आहे. इंग्लंडमध्ये १९४८ साली सर्वांना मोफत उपचार देणारी योजना ज्या आरोग्यमंत्र्याने उभी केली, ते अन्यूरिन बेव्हन कोवळ्या वयात शाळा सोडून कोळशाच्या खाणीत उतरलेले होते. आजारपणात गरीब घर कसे बसते हे अनुभवाने कळलेला माणूस त्या खात्यावर असणे, यालाही काही अर्थ आहे.

खाते हाती आले तेव्हाची परिस्थिती आज तरुणांना सांगूनही पटणार नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरसाल साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख माणसे त्याने दगावतात असा अंदाज होता. झाडीपट्टी तर हिवतापाचे माहेरघर. त्यात आपल्याकडे हत्तीपाय, महारोग (आता आपण कुष्ठरोग म्हणतो), उन्हाळ्या-पावसाळ्याच्या संधीला पटकी, आणि अधूनमधून देवीची साथ. बाळंतपण सुईणीच्या हातचे. ती बिचारी अनुभवी असे, पण नाळ कापायला जे हाती येईल ते घेई. उपचाराला आधी वैदू, मग मांत्रिक, आणि अगदीच हाताबाहेर गेले म्हणजे खाटेची डोली करून दवाखाना. वैद्यकीय महाविद्यालय साऱ्या राज्यात एकच, १९४७ साली नागपूरला निघालेले.

१९४६ च्या भोर समितीने एक साधी गोष्ट सांगून ठेवली होती. दवाखाना शहरात बांधून रोग्याची वाट पाहत बसण्यापेक्षा उपचार आणि रोगप्रतिबंध दोन्ही एकाच छपराखाली खेड्यात न्यावेत, असे तिचे सांगणे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी, म्हणजे दादासाहेब मंत्री झाले त्याच वर्षी, देशात सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्या आधाराने प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. साधारण शंभर गावांच्या विकास गटाला एक केंद्र. त्यात एक डॉक्टर, थोड्या खाटा, आणि आसपासच्या गावांत जाणाऱ्या प्रशिक्षित सुईणी. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला आणि घरोघर डीडीटीची फवारणी सुरू झाली. भिंतीवर पांढरे डाग पडतात, देवघर बाटते म्हणून दार लावून घेणारी घरेही कमी नव्हती. क्षयासाठी बीसीजीची लस आली. १९५५ मध्ये हत्तीपाय आणि कुष्ठरोग यांच्या नियंत्रणाचे स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाले. त्याच वर्षी जबलपूरला राज्याचे दुसरे वैद्यकीय महाविद्यालय निघाले.

या योजना दिल्लीच्या होत्या, हे खरे. त्यांचे सर्व श्रेय एका मंत्र्याला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण दिल्लीचा कागद नागपुरात पोहोचला तरी चांदा-भंडाऱ्याच्या जंगलात तो पोहोचवणे हे राज्याच्या खात्याचे काम, आणि डॉक्टर खेड्यात जायला नाखूश असताना ते किती कठीण होते याची कल्पना आजच्या अनुभवावरूनही करता येते. कुष्ठरोगाचेच पाहा. त्यांच्याच जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन १९५१ पासून उभे राहत होते, वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण १९३६ पासून रोग्यांची सेवा करीत होते. समाजाने वाळीत टाकलेल्यांसाठी आधी सेवाभावी माणसे पुढे झाली आणि मागाहून सरकार आले, असाच क्रम होता. गोळीने हा रोग आटोक्यात येतो हे डॅप्सोनमुळे तेव्हाच कळले होते. वेशीबाहेर काढलेल्या माणसाला पुन्हा घरात घ्यायला मात्र गावांना पुढे कित्येक वर्षे लागली.

हिशेब मांडायचा तर पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीला, १९५६ साली, साऱ्या भारतात मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रे सव्वासातशेच्या आसपास होती. लाखो खेड्यांच्या देशात हे ताकात मीठ घालावे तितकेच. आज सपाट भागात तीस हजार आणि आदिवासी-डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र असा दंडक आहे, तेव्हा साठ-सत्तर हजारांमागे एक असे गणित होते, आणि तेही कागदावर. दादासाहेबांनी चार वर्षांत झाडीपट्टीचे रोग घालवले असे म्हणणे त्यांच्यावरच अन्याय करणारे आहे. हत्तीपायाविरुद्धच्या गोळ्या आपल्या भागात एकविसाव्या शतकातही गावोगाव वाटाव्या लागल्या, आणि वाटणाऱ्या बाईसमोर खातो म्हणून गोळी खिशात घालणारे आपल्यातही निघाले. ज्याचा पाय सुजला नाही त्यानेही गोळी घ्यायची असते. जंतू रक्तात वर्षानुवर्षे राहतो आणि डास तो शेजाऱ्याकडे नेतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, राजधानी नागपूरहून मुंबईला गेली, आणि घडी बसू लागलेले आरोग्य खाते दोन राज्यांत वाटले गेले. दादासाहेब यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला तेव्हा त्यांच्याकडे इमारती व दळणवळण, म्हणजे रस्ते-पुलांचे खाते होते. पुष्कळांना वाटते की आरोग्याशी त्यांचा संबंध येथे तुटला. आमचे मत वेगळे आहे. वैनगंगा, वाघ, चुलबंद या नद्यांच्या काठी राहणाऱ्याला हे सांगायला नको. अडलेली बाळंतीण पुराच्या अलीकडे आणि डॉक्टर पलीकडे असला तर त्या रात्री पूल हेच औषध असते. साप चावलेल्याचेही तेच.

त्याच मंत्रिमंडळाच्या काळात जिल्हा परिषदांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्या ताब्यात आली. डॉक्टर जागेवर नसला तर मुंबईला अर्ज करीत बसण्याऐवजी आपल्याच गटातून निवडून गेलेल्या सदस्याला गाठून जाब विचारता येऊ लागला. हा अधिकार आपण किती वापरतो, तो प्रश्न वेगळा.

१९६२ च्या निवडणुकीत दादासाहेब सावलीतून विधानसभेवर गेले. त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले, यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि २० नोव्हेंबर १९६२ रोजी वृत्तपत्रे विकणारा चांद्याचा पोर महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला. ते वर्ष युद्धाच्या छायेत गेले. संरक्षण निधीसाठी त्यांनी राज्यभर दौरे केले, बायांनी अंगावरचे दागिने काढून दिले. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आली, तिचे श्रेय आपल्याकडची जुनी माणसे त्यांनाच देतात. दौऱ्यांची दगदग प्रकृतीला झेपली नाही. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. पदावर एक वर्ष आणि चार दिवस. त्यांच्यानंतर ५ डिसेंबरला वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले.

पुढच्या गोष्टी त्यांनी पाहिल्या नाहीत. १९७५ मध्ये देशातून देवीचा रोग गेला. हिवताप साठाव्या दशकात जवळजवळ गेला असे वाटले आणि १९७६ मध्ये देशभरात चौसष्ट लाख रोग्यांसह परत आला, कारण फवारणीत ढिलाई झाली होती. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला. २०१५ मध्ये चंद्रपूरला आणि २०१६ मध्ये गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ज्या भागातून रोगी नागपूरला पोहोचण्याआधीच वाटेत दगावत, तेथे आता डॉक्टर तयार होतात. चंद्रपूरच्या महाविद्यालयाला कर्मवीर मा. सां. कन्नमवार यांचे नाव देण्यात आले आहे.