ध्रुवीय रात्रीतला पक्षिसंशोधक

अंटार्क्टिकाच्या इतिहासात डॉ. एडवर्ड विल्सन यांचे नाव कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांचे सहकारी म्हणून घेतले जाते. मात्र, एम्परर पेंग्विन या समुद्रपक्ष्याचा जीवनक्रम जाणून घेण्यासाठी त्यांनी पत्करलेले धाडसही तितकेच विलक्षण होते.

२३ जुलै १८७२ रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे जन्मलेले विल्सन डॉक्टर होते आणि उत्तम चित्रकारही. ऐन तारुण्यात त्यांना क्षयाने गाठले. त्यातून सावरून १९०१ मध्ये ते ‘डिस्कव्हरी’ मोहिमेत डॉक्टर व प्राणिशास्त्रज्ञ म्हणून दाखल झाले. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये रॉस बेटावरील केप क्रोझियर येथे मोहिमेला एम्पररची वसाहत सापडली. तेथे पिले आधीच वाढीला लागलेली होती. त्यावरून हा पक्षी भर हिवाळ्यात अंडी घालतो, असा निष्कर्ष विल्सन यांनी काढला.

पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांतील दुवा एम्पररच्या भ्रूणात सापडेल, अशी त्यांची धारणा होती. त्यासाठी २७ जून १९११ रोजी बॉवर्स व चेरी-गॅरार्ड यांच्यासह ते अखंड काळोखात निघाले. पारा उणे ६० अंश सेल्सिअसच्या खाली उतरला. वादळात तंबू उडाला. तो पुन्हा सापडला म्हणूनच तिघे वाचले. पाच आठवड्यांनी ते परतले, तेव्हा हाती अवघी तीन अंडी होती. पुढे त्या भ्रूणांतून अपेक्षित दुवा मिळाला नाही.

हे विल्सन यांना कळणार नव्हते. दक्षिण ध्रुवावरून परतताना मार्च १९१२ च्या अखेरीस स्कॉट यांच्यासमवेत त्यांचा तंबूतच अंत झाला.

त्यांनी सुरू केलेला अभ्यास मात्र थांबला नाही. मादी समुद्रावर गेल्यावर नर सुमारे दोन महिने पायांवर अंडे उबवतो, जवळपास चार महिने उपाशी राहतो आणि थंडीत सारे नर एकमेकांना बिलगून उभे राहतात, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. हा सारा संसार किनाऱ्याला धरून गोठलेल्या समुद्राच्या बर्फावर चालतो. पाण्यात तग धरणारी पिसे पिलांना डिसेंबरच्या सुमारास येतात. त्याआधी बर्फ फुटला, तर पिले बुडतात किंवा गारठून मरतात. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रातील पाचपैकी चार वसाहतींत नेमके हेच घडले.

काळोखातही अंड्याला आधार देणारा तो बर्फ वसंतात किती दिवस टिकतो, यावरच या पक्ष्याचे भवितव्य अवलंबून आहे.