कै. नारायण मेघाजी लोखंडे

वऱ्हाडचा कापूस खामगांवच्या पेठेंतून मुंबईच्या गिरण्यांकडे जात असे, हें चिखलीच्या व्यापाऱ्यांस सांगणें नको. परंतु त्या कापसाचें सूत काढणाऱ्या मजुरांची दाद प्रथम कोणीं मागितली, याचें स्मरण थोड्यांसच असेल.

लोखंडे यांचा जन्म 1848 सालीं ठाण्यास झाला. रेल्वे व टपाल खात्यांतील नोकरीनंतर ते मांडवीच्या गिरणींत कोठीवर लागले आणि मजुरांचे हाल त्यांनीं डोळ्यांनीं पाहिले. महात्मा फुले यांचे हे अनुयायी 1880 पासून ‘दीनबंधु’ पत्र मुंबईंत चालवूं लागले. 1884 सालीं गिरणीकामगारांची सभा भरवून त्यांनीं सुमारें 5,500 सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, वेळेवर पगार व जखमी मजुरास मदत, एवढेंच त्यांचें मागणें! 24 एप्रिल 1890 च्या सभेस सुमारें 10,000 मजूर जमले. दोन स्त्रियाही तेथें बोलल्या. अखेर 10 जून रोजीं मालकांनीं साप्ताहिक सुटी मान्य केली. त्यांच्या संघास ना नियमावली होती, ना वर्गणीचा निधि; हें वैगुण्य खरें, पण कार्य अडलें नाहीं. प्लेगच्या सांथींत रोग्यांची सेवा करीत असतां 9 फेब्रुवारी 1897 रोजीं ते त्याच रोगास बळी पडले.

सुटी ही मालकाची मेहेरबानी नसून मजुराचा हक्क आहे, हा त्यांचा धडा. आपल्या दुकानांतील गुमास्ता व हमाल यांस तो लागू नाहीं काय? वाचकांनीं आपल्या मनाशींच उत्तर द्यावें.